मी काळी पडले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी कोटा लादी आहे. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी एक तीन मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यासमोर मी पडून असते. पडून असते म्हणजे मी आळशी आहे असं समजू नका. सगळं घर माझ्या अंगावर उभं राहून स्वयंपाक करतं. भाजीची देठं, फोडणीतून उडालेली मोहरी, उतू गेलेलं दूध, चाळणीतून सांडलेलं पीठ, सगळं आधी माझ्याकडे येतं आणि मग केरात जातं. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही. बघितलंच तर नाक मुरडण्यासाठी. मला मात्र घरातल्या प्रत्येकाचे पाय ओळखता येतात.

आज मी जे सांगणार आहे ते जरा जड आहे. मी दगडाची जात, हलकंफुलकं बोलणं मला जमायचं नाही.

माझा जन्म राजस्थानातल्या खाणीत झाला. तिथून चौकोनी कापून, ट्रकमध्ये उभी रचून मला कुर्ल्याच्या एका दगडांच्या वखारीत आणलं. तिथे आम्ही बहिणी भिंतीला टेकून गिऱ्हाइकाची वाट बघत असायचो. त्या काळी घरात मोझॅक बसवायची हौस होती. त्यातले लाल-पिवळे ठिपके बघून लोक भुलायचे. आमचा रंग हिरवट करडा, शेवाळलेल्या पाण्यासारखा. आमच्याकडे बघून 'ही जिन्याला बरी' असं म्हणून लोक पुढे जायचे. मला त्याचा राग यायचा. जिन्याला काय, जिना झिजत नाही का? जी लादी जिन्यावर टिकते ती घरात टिकणार नाही का?

एक दिवस नंदू आणि त्याची बायको रुक्मिणी वखारीत आली. तुम्ही तिला रुक्मिणीआजी म्हणाल, पण मी तिला तिचे केस काळे होते तेव्हापासून ओळखते, म्हणून मी नावानेच बोलते. ही मालवणकडची माणसं. नंदू आधी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवू लागला, आणि आता कुठे त्यांची स्वतःची खोली होत होती. नंदूला मोझॅक आवडलं होतं. रुक्मिणीने मात्र चपला काढल्या, दोन्ही बाजूंना हाताने थोडी जागा केली आणि जमिनीवर ठेवलेल्या माझ्या बहिणीवर ती चक्क मांडी घालून बसली. वखारीतले हमाल हसायला लागले.

"अगो, ह्या काय करतस?" नंदू ओशाळून म्हणाला.

"नारळ काय उभ्यान खवतंय मी?" रुक्मिणी म्हणाली. "जेच्यार जलमभर बसूचा, ता बसान बघूक नको? मोझॅक गुळगुळीत आसा, पाणी पडला काय पाय सरतलो. हीच घे. थंडगार आसा."

कोकणातल्या बायका विळी-आडाळ्यावर बसून काम करतात. त्यांची लादी निवडण्याची रीत डोळ्यांची नाही, बैठकीची. मला ती रीत एकदम पटली. तुम्हीही कधी घरासाठी लादी घ्यायला गेलात, तर दुकानातल्या दिव्यांखाली ती कशी चमकते ते बघू नका. तिच्यावर पाणी ओता, अनवाणी उभे राहा, आणि मग ठरवा.

अशा रीतीने आम्ही भांडुपला आलो. मिस्त्रीने आम्हाला बसवलं, सांधे भरले, मग घरघर करणारं मशीन फिरवून आम्हाला पॉलिश केलं. पाच-सहा दिवस घरभर चिखल झाला होता. तो धुऊन काढल्यावर खिडकीतला उजेड माझ्या अंगावर पडला आणि रुक्मिणी म्हणाली, "आरसो झालो गो बाय!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मला राखायचं कसं हे ती लवकरच शिकली. आम्ही कोटा लाद्या चांगल्या टणक. वरवंटा पडला तरी सहसा तडकत नाही. पण आमच्यात चुना असतो, त्यामुळे आंबटाशी आमचं वैर. लिंबू, चिंच, कोकम अंगावर राहिलं की कातडी जळते. आणि कोकणी घरात कोकम नाही असा दिवस असतो का? एकदा सोलांचं पाणी रात्रभर माझ्यावर राहिलं आणि सकाळी तिथे फिकट डाग उठला. रुक्मिणीला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आंबट सांडलं की हातातलं काम टाकून ती आधी मला पुसायची. बाकी कसलंच थेर नाही. साधं पाणी, चिमूटभर साबण, आणि शेवटी कोरडं फडकं. शेजारणी विचारायच्या, काय लावतेस गं लादीला? ती म्हणायची, "काय नाय, लक्ष लावतंय."

नंदू गेला. मुलगा हर्षद मोठा झाला, मोबाइलच्या टॉवरांची देखभाल करणाऱ्या कंपनीत लागला, आणि त्याने लग्न केलं. त्याची बायको श्रुतिका मुलुंडची. विळीवर बसायची तिला सवय नव्हती, ती ओट्यावर चाकूने कापायची. तिचा पाय हलका आणि घाईचा. सकाळी डबे, मग ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. पण मला पुसायचं काम तिने आपणहून स्वतःकडे घेतलं होतं. सासूने एकदा रीत दाखवली आणि तिने ती तंतोतंत उचलली. साधं पाणी, थोडा साबण, कोरडं फडकं. मला तिच्याविषयी कधी तक्रार नव्हती. मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांची तक्रार तिच्याविषयीच होती.

सुरुवात अगदी बारीक झाली. एका सकाळी रुक्मिणी म्हणाली, "श्रुतिका, लादी पुसलंस काय गो?"

"हो आई, आत्ताच पुसली ना."

"माका मळकी दिसता."

श्रुतिकाने खाली बघितलं. मी स्वच्छ होते. तिने पुन्हा फडकं फिरवलं आणि विषय संपला. पण चार दिवसांनी तेच. मग रोज. "ही लादी काळी पडत चालली." "कोपऱ्यात धूळ तशीच आसा." "आमच्या वेळेक ही आरशासारखी होती." मी मनात म्हणायचे, अगं बाई, मी आजही तशीच आहे, खिडकीतला उजेड माझ्यावर तसाच पडतो! पण लादीला तोंड असतं तर लोकांनी तिच्यावर पाय ठेवला असता का?

हर्षदला वाटलं उजेड कमी पडतोय. त्याने जास्त प्रकाशाचा बल्ब आणला. रुक्मिणी म्हणाली, "ह्यो पण मिणमिणतोच रे." त्याने आणखी एक ट्यूब लावली. स्वयंपाकघर दुकानासारखं झगमगायला लागलं, तरी तिला अंधारच वाटायचा.

मला मात्र दुसरंच काही कळत होतं. रुक्मिणीचा पाय बदलला होता. आधी तो ठाम पडायचा, सबंध तळवा एकदम टेकायचा. आता आधी अंगठा पुढे यायचा, चाचपायचा, मग टाच टेकायची. डाव्या बाजूला ठेवलेल्या बादलीला तिचा पाय वारंवार लागायला लागला. मोहरी सांडली तर ती समोरची गोळा करायची आणि बाजूची तशीच राहायची. ओट्यावर पाणी ओतताना अर्धी धार भांड्याच्या बाहेर, माझ्यावर. एकदा कोकमाचं आगळ सांडलं आणि ते पुसल्याशिवाय ती निघून गेली. आंबट सांडलं की हातातलं काम टाकणारी रुक्मिणी! तेव्हा माझी खात्री पटली. मी काळी पडले नव्हते. तिची नजर काळी पडत होती.

आणि तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. ती काही लपवत नव्हती. नजर अशी चोरपावलांनी जाते की ज्याची जाते त्याला घरच अंधारलेलं वाटतं. डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, आणि लवकर न्यायला हवं होतं. घरात मात्र सगळे माझ्याकडे बोट दाखवत होते, आणि तिची नजर रोज थोडी थोडी निसटत होती. हे एकट्या मला कळत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मी जात्याचा, सिलिंडरचा, पाहुण्यांचा भार सोसला, पण इतकं जड मला कधी वाटलं नव्हतं.

एका रविवारी घाटकोपरहून नंदूची बहीण कुंदा जेवायला आली. जेवणं झाल्यावर रुक्मिणी सगळ्यांसमोर म्हणाली, "माशे बरे झाले, पण लादयेकडे बघू नको हां कुंदा. आमच्या सुनेक पुसाक वेळ नाय."

श्रुतिकाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आई, सकाळपासून दोनदा पुसलीय मी. हवं तर हात फिरवून बघा."

"हात कित्याक फिरवू? माका दिसता ना!"

कुंदाने माझ्याकडे वरवर बघितलं. खरं तर तिला मी स्वच्छच दिसायला हवी होते. पण वहिनीला खोटं कोण पाडणार? शिवाय जुनी लादी म्हटली की मळकी, हे लोकांच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. ती म्हणाली, "वयनी, जुन्या लादीचा मळ असाच असता. साबणाने काय होतंय? श्रुतिका, संडासात टाकतो ना ते ॲसिड घाल. एकदम झकास निघेल बघ. आमच्या चाळीत सगळ्या तेच करतात."

त्या आधीही श्रुतिका मला धुण्याच्या सोड्याने घासत होती. लॅबमधून आल्यावर पदर खोचून गुडघ्यांवर बसायची आणि काथ्याने घासत राहायची. तिच्या तळहातांची सालं निघत होती. रात्री ती हर्षदला म्हणायची, "तूच सांग ना, काळी आहे का ती?" हर्षद मोबाइलमधून मान वर करून म्हणायचा, "अगं, आईचं वय झालंय. बोलू दे ना यार, कशाला मनावर घेतेस?" त्याने बायकोलाही गप्प केलं आणि आईचंही मनावर घेतलं नाही. एका वाक्यात दोघींना वाऱ्यावर सोडायचं कसब काही पुरुषांना छान जमतं.

तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी, रुक्मिणी दुपारी आडवी झाली असताना, श्रुतिकाने ॲसिडची बाटली आणली. थोडं पाणी घातलं आणि माझ्यावर ओतलं.

मित्रांनो, त्या वेदनेचं मी फार वर्णन करणार नाही. माझ्या अंगावर फस्स करून फेस आला. उग्र वाफ उठली. श्रुतिका खोकत खोकत खिडकीकडे धावली. परत येऊन तिने बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. इतक्या वर्षांचं माझं पॉलिश गेलं. अंगभर पांढरट चट्टे उठले आणि कातडी खरखरीत झाली. ती हात लावून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "वाट लागली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आला नाही. राग यायला हवा होता, पण आला नाही.

खरखरीत लादी तेल पिते, हळद पिते, चहा पिते आणि परत काही देत नाही. महिन्याभरात मी खरोखरच काळवंडले. जे आधी खोटं होतं ते आता खरं झालं. रुक्मिणी म्हणाली, "बघ, मी सांगत होतंय!" त्या दिवसापासून त्या दोघी एकाच माझ्यावर उभ्या राहून पाठीला पाठ लावून काम करायच्या.

घरातली ही धुसफूस हर्षदला सहन होईना. त्याने ठरवलं, लादीच बदलायची. उखडायची भानगड नको, माझ्यावरच नव्या चकचकीत टाइल्स चिकटवून टाकायच्या. एका संध्याकाळी तो दुकानातून नमुन्याच्या तीन टाइल्स घेऊन आला. एक पांढरीशुभ्र, एक फिकट पिवळसर, एक राखाडी. तिन्ही त्याने माझ्यावर मांडल्या आणि आईला हाक मारली.

"आई, तूच निवड. म्हणजे नंतर कटकट नको."

रुक्मिणी आली. अंगठ्याने चाचपत, हळूहळू. समोरच्या पांढऱ्या टाइलवर वाकून तिने बघितलं. "ही पण मळकीच आसा रे. दुकानदारान जुनी गळ्यात मारल्यान तुझ्या."

हर्षद हसला. "आई, आत्ता खोक्यातून काढली ना! पांढरीफटक आहे ती."

"माका शिकवू नको. आणि दुसरी खय?"

"दुसरी काय, तीन आहेत. बघ ना."

"तीन खय? माका एकच दिसता."

हर्षद वैतागून काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात श्रुतिकाने त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. ती खाली बसली. राखाडी टाइल रुक्मिणीच्या डाव्या पायाला जवळजवळ टेकली होती. श्रुतिकाने ती बोटाने धरली आणि हळूहळू पुढे सरकवायला लागली.

"आई, समोरच बघा. मान हलवू नका. ही दुसरी दिसली की सांगा."

ती टाइल माझ्या खरखरीत अंगावरून कर्र कर्र करत सरकत होती. मी जीव मुठीत धरून होते. टाइल रुक्मिणीच्या अंगठ्यापुढे आली. रुक्मिणी काही बोलली नाही. आणखी पुढे आली. नाही. अगदी पांढऱ्या टाइलला येऊन टेकली तेव्हा रुक्मिणी दचकली.

"अगो बाय! ही खयसून इली?"

कुकरची शिट्टी झाली तरी कुणी गॅस बंद केला नाही. श्रुतिका तशीच माझ्यावर बसून सासूच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "हर्षद, आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लाव."

काचबिंदू निघाला. दवाखान्यातून आल्यावर हर्षद ओट्याला टेकून उभा राहिला आणि शेजारणीला सांगत होता, तेव्हा मी ऐकलं. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ संपली आहे. उजव्या डोळ्याची मधली थोडी उरली आहे. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी राखायची. डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? "आई रोज सांगत होती," तो म्हणाला. "आम्ही लादी बघत बसलो."

शेजारीण गेल्यावर रुक्मिणी स्वयंपाकघरात आली. भिंतीला धरून खाली बसली आणि माझ्यावरून तळहात फिरवला. खूप दिवसांनी तिने मला हात लावला होता.

"म्हणजे ही काळी नव्हती?"

"तेव्हा नव्हती," श्रुतिका म्हणाली.

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"सांगत होते आई. रोज सांगत होते."

रुक्मिणी बराच वेळ माझ्यावरचे ओरखडे चाचपत राहिली. मग तिने श्रुतिकाचा हात ओढून घेतला आणि उलटा करून त्याच्यावर अंगठा फिरवला. सोड्याने आणि काथ्याने तिचा तळवाही माझ्यासारखाच खरखरीत झाला होता. डोळ्यांना दिसलं नव्हतं ते तिच्या अंगठ्याला कळलं. तिने तो हात स्वतःच्या गालाला लावला आणि ती रडली. "माझ्या पोरी," एवढंच म्हणत होती. श्रुतिकाही रडली. मला रडता येत नाही, पण त्या दोघींचं पाणी माझ्यावरच पडलं.

हर्षदने टाइल्स परत केल्या. रुक्मिणीच्या पायांना ही जमीन पाठ आहे, गुळगुळीत टाइलवर ती पडेल, हे आता त्यालाही समजलं. पॉलिशवाला मशीन घेऊन आला तर माझं रूप थोडंफार परत येईल, असं म्हणतात. रुक्मिणीची नजर परत आणणारं मशीन कुठल्याच पॉलिशवाल्याकडे नाही.

मित्रांनो, म्हणून माझं एक मागणं आहे. लादीला ॲसिड लावू नका, आंबट सांडलं की पुसा, हे तर कुणीही सांगेल. मी तुम्हाला घरातल्या माणसांचं सांगते. तुमची आजी म्हणाली, भांडी नीट घासली नाहीत, तांदळात खडे राहिले, दिवा मिणमिणतोय, तर लगेच हसू नका आणि आईला बोलही लावू नका. आजीचा हात धरा आणि विचारा, आजी, तुला दिसतंय ना? तिचं पाऊल चाचपडत पडत असेल तर वेळ न घालवता तिला डॉक्टरकडे न्या. लादी घासून पुन्हा उजळेल, डोळा उजळायचा नाही.

आता श्रुतिका सकाळी मला साध्या पाण्याने पुसते. माझे डाग काही जात नाहीत. चट्टे आहेत, तेलाचा काळपट थर आहे, आणि श्रुतिकाला ते सगळं लख्ख दिसतं. रुक्मिणी थेंब घालून, डोळे मिटून खुर्चीवर बसलेली असते. बादलीचा आवाज थांबला की ती म्हणते, "आज लादी बरी पुसलंस गो. आरसो झालो."

"हो आई," श्रुतिका म्हणते, आणि फडकं पिळते.

मित्रांनो, हेच शब्द खरे होते तेव्हा तिच्या तोंडून निघायला हवे होते.